सौम्य म्हणजे कुणासाठी सौम्य? पुरानंतरचा आघात, योग आणि मौन प्रार्थना: बडोद्यातलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून वय, घराची जागा आणि नात्यातले काही तपशील बदलले आहेत. संबंधित बाई आणि त्यांचे यजमान यांनी मजकूर वाचून होकार दिला आहे. आमच्या केंद्रात सगळे त्यांना काकू म्हणत, इथेही तसंच म्हटलं आहे. मी या प्रकरणात समुपदेशक होते. उपचारांची सूत्रं मानसोपचारतज्ज्ञांच्या हाती होती.

पार्श्वभूमी

काकूंचं सासर गायकवाडी काळात बडोद्यात स्थिरावलेलं. आधी बिऱ्हाड दांडिया बाजारात. पुढे सासऱ्यांनी विश्वामित्रीच्या पलीकडे, अकोट्याच्या बाजूला एक टेनामेंट बांधलं. तळमजला, पुढे व्हरांडा, गच्चीवर जायला बाहेरून जिना. काका निवृत्त, मुलगा पुण्यात नोकरीला. घरात नव्वदीला टेकलेल्या सासूबाई, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं काकूच करायच्या. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून दोघी मिळून रामरक्षा म्हणायच्या, हा नेम लग्न होऊन आल्यापासूनचा.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस झाला, तेव्हा पाणी व्हरांड्याच्या वरच्या पायरीला लागून परत गेलं होतं. त्या पायरीवर घरादाराचा भरवसा बसला. २६ ऑगस्ट २०२४ ला, जन्माष्टमीच्या दिवशी, पाऊस लागून राहिला तेव्हा काका पुण्याला मुलाकडे होते. फोनवर दोघांचं ठरलं, पाणी आलं तर पायरीपर्यंत येईल. रुग्णवाहिका बोलावून सासूबाईंना नात्यात कुणाकडे हलवावं असं काकूंच्या मनात येऊन गेलं होतं, ते तसंच राहिलं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आहे. नदी ३५ फुटांच्या वर गेली.

पाणी घरात शिरलं तेव्हा वीज गेलेली होती. शेजारचा कॉलेजातला मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून आला. दोघांनी मिळून जेवणाच्या टेबलावर गादी टाकून सासूबाईंना त्यावर ठेवलं. बाहेरच्या जिन्यावरून त्यांना गच्चीत नेणं त्या प्रवाहात जमण्यासारखं नव्हतं. मुलगा परत गेला. गच्चीवरून शेजारीण हाका मारत होती, "बेन, उपर आवी जाव." काकू गेल्या नाहीत. टेबलाच्या कडेला बसून, पाय पाण्यात सोडून त्या रात्रभर रामरक्षा म्हणत राहिल्या. पहाटेच्या आधी कधीतरी सासूबाई गेल्या. होडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

सुतकामुळे ७ सप्टेंबरला घरात गणपती बसला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसं झालं हो?" आणि काकू प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या. तेरा दिवस हे चाललं. लोकांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या बाईला अजून झोप लागत नाही तिच्याकडून ती रात्र दिवसातून चार-पाच वेळा वदवून घेणं म्हणजे मन मोकळं करणं नव्हे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलतं करण्याची जी पद्धत पूर्वी आपत्तीनंतर वापरली जायची, ती वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्याकडे मात्र ते काम समाचाराला येणारी माणसं करतात.

अडचण

काकू आमच्याकडे आल्या डिसेंबरात, त्याही काकांनी आणल्या म्हणून. तोवर घराची डागडुजी होऊन दोघं तिथे परत राहायला आले होते.

नळ चालू असला की काकू बाथरूममध्ये थांबत नसत. काकांनी बादली भरायची, नळ घट्ट बंद करायचा, हाक मारायची, मग त्या आत जायच्या. रात्री शेजारची टाकी भरून वाहिली की दचकून उठायच्या आणि उजाडेपर्यंत व्हरांड्याच्या दाराशी बसायच्या. घरात पायात सतत चपला, देवाजवळ मोजे. अनवाणी पाय फरशीला लागला की पोटऱ्यांपर्यंत गारठा चढतो म्हणायच्या. दांडिया बाजारला जायचं तर अकोट्याचा पूल ओलांडावा लागतो, म्हणून तिकडचे सगळे नातेवाईक तुटले. आणि रामरक्षा बंद. दिवा लावायच्या, पण दुसऱ्या कुणी म्हणायला सुरुवात केली तरी हात बर्फासारखे पडायचे. या शेवटच्या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती. पाण्याची भीती त्या सांगू शकत होत्या, रामरक्षेची भीती सांगताना मान खाली.

मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं ते आघातोत्तर ताण विकाराचं, म्हणजे पीटीएसडीचं. त्याची तीन अंगं या घरात उघड दिसत होती: घडून गेलेलं आत्ता घडतंय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात असणं. सासूबाईंच्या जाण्याचा शोक त्यात मिसळलेला होताच. शोक कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, याची रेघ डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ओढली नाही, आणि ते बरं झालं.

आणखी दोन गोष्टी चौकशीत कळल्या. एक, काकांनी ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणली होती आणि ती दीड महिना चालू होती. त्या जातीच्या गोळ्या या आजारात उपयोगी पडत नाहीत आणि सवय लावतात, त्यामुळे डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवली. दुसरी, काकू नोव्हेंबरात एका योगवर्गाला जाऊन आल्या होत्या. कपालभातीला छाती धडधडली, ते त्यांनी निभावून नेलं. शेवटी शवासन. दिवे मालवले, फरशी गार, आणि सूचना आली: डोळे मिटा, शरीर पाण्यावर तरंगतंय असं समजा. काकू उठल्या, चपला तिथेच टाकून रिक्षात बसल्या. शिकवणाऱ्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, ते वाक्य तो रोजच म्हणत असणार.

समोर असलेले पर्याय

सर्ट्रालिन सुरू करण्याबद्दल मतभेद नव्हता. या आजारासाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे काकांना नीट समजावून सांगितलं, कारण "चार दिवस झाले, फरक नाही" म्हणून गोळी सोडणारी कुटुंबं आम्ही रोज पाहतो. वाद होता तो औषधाच्या जोडीला काय, यावर.

पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम पर्याय आघातावर केंद्रित मानसोपचाराचा. त्यात ती रात्र सुरक्षित जागी, तज्ज्ञाच्या सोबतीने, टप्प्याटप्प्याने पुन्हा उलगडायची असते. काकूंनी हात जोडले. "तेरा दिवस सांगितलंय, आता नाही." नकार प्रामाणिक होता. ढकलून सुरुवात केली असती तर त्या दुसऱ्या भेटीला आल्याच नसत्या.

काकांचं म्हणणं वेगळं. त्यांचं लहानपण माणिकरावांच्या आखाड्यात, जुम्मादादा व्यायाम मंदिरात गेलेलं. घाम काढला की मन आपोआप ठिकाणावर येतं, यावर त्यांचा विश्वास. पहाटे कमाटी बागेत फिरायचं, बारा सूर्यनमस्कार घालायचे, महिन्यात ठणठणीत.

नणंदबाई एका मौन शिबिराची माहिती घेऊन आल्या. दहा दिवस, बोलायचं नाही, दिवसभर ध्यान. त्यांच्याकडे दाखलाही तयार होता. श्री अरविंद इथेच बडोद्यात जानेवारी १९०८ मध्ये विष्णू भास्कर लेले यांच्याबरोबर बसले आणि तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं. ही हकीकत खरी आहे आणि बडोद्याच्या मराठी घरांत ती अभिमानाने सांगितली जाते. पण ते तयारीचे साधक होते, स्वतःहून बसले होते. जिचं मन रोज रात्री तिला त्या टेबलाच्या कडेला नेऊन बसवतं, तिला दहा दिवस बाहेरचे सगळे आधार काढून घेऊन एकटीला आत सोडणं धोक्याचं. दीर्घ, सलग ध्यानात आघातग्रस्त माणसाचा त्रास वाढू शकतो, आणि शिबिरात त्याला थांबायला संकोच वाटतो. हा पर्याय आम्ही स्पष्ट शब्दांत नाकारला. नणंदबाई काही दिवस रागावल्या होत्या.

उरला तो मधला मार्ग. औषध चालू ठेवायचं, बोलणं काकूंच्या तयारीवर सोडायचं, आणि तोवर सौम्य योग व अगदी थोडी मौन प्रार्थना यांतून शरीराला पुन्हा उसंत शिकवायची. आघाताचं भान ठेवून शिकवलेल्या योगाचा अभ्यास अमेरिकेत बॉस्टन भागात बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जुनाट, उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणी निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या, तर नुसत्या आरोग्यशिक्षणाच्या गटातल्या २९ पैकी ६ जणी. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण गट लहान, आणि पुरात माणूस गमावलेल्या साठीच्या बाईला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. मौन प्रार्थनेबद्दल तर पुरावा याहून पातळ. म्हणून ही जोड औषधाच्या आणि पुढच्या मानसोपचाराच्या जागी नाही, त्यांच्याकडे नेणारी आहे, असं कागदावर लिहून तिघांनी, म्हणजे डॉक्टर, योगशिक्षिका आणि मी, मान्य केलं.

काय केलं: योग

योगशिक्षिका लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेली, पस्तिशीची. पहिली अडचण काकूंची नव्हती, काकांची होती. "खुर्चीवर बसून कसला योग?" तिने वाद घातला नाही. कैवल्यधाम ज्यांनी १९२४ मध्ये उभं केलं ते स्वामी कुवलयानंद मूळचे इकडच्याच डभोईचे, आणि माणिकरावांच्याच आखाड्यात तयार झालेले. त्यानंतर ते नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकायला गेले. "काका, तुमच्याच आखाड्यातला माणूस पुढे हे शिकायला गेला," एवढंच ती म्हणाली. काका गप्प झाले. पटलं म्हणून की आपल्या आखाड्याचं नाव निघालं म्हणून, कोण जाणे. पण त्यानंतर त्यांनी सूर्यनमस्कारांचा विषय काढला नाही.

वर्ग घरी घ्यायचा की केंद्रात, हा खरा निर्णयाचा प्रश्न होता. घरी आणायला-न्यायला कुणी लागलं नसतं. पण टेबल अजून त्याच खोलीत होतं. केंद्र ठरलं.

आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं. खुर्ची दाराकडे तोंड करून, पाठीमागे भिंत. दिवे लावलेले. शिक्षिका पाठीमागून फिरायची नाही, उठायचं असलं तर आधी सांगायची, हात लावून आसन दुरुस्त करायचं नाही. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं, सगळं बाद. शवासन बाद. सूचनांची भाषा अशी: "काकू, हात वर नेऊन बघायचे असतील तर बघा. नको वाटलं तर मांडीवर राहू द्या." पहिल्या दिवशी काकू वैतागल्या. "अगं, तू सांग ना काय करायचं ते. मला कशाला विचारतेस?" आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाच्या वेळा सांभाळलेल्या बाईला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारलं की अवघडल्यासारखंच होतं. शिक्षिकेने तरीही विचारणं सोडलं नाही.

लोक सौम्य योग म्हणजे सोपी आसनं समजतात. काकूंना शवासन झेपलं नव्हतं, त्याहून सोपं आसन कुठलं? आसन सोपं होतं, थांबण्याची मुभा नव्हती. इथे प्रत्येक हालचालीत ती मुभा आधी ठेवली आणि आसन नंतर.

श्वासाचं काम फक्त एवढंच: सोडणारा श्वास जरा लांब. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची घडण आहे, त्यासाठी मनाची तयारी लागत नाही. भ्रामरी करून पाहिली. रीतीप्रमाणे कान बोटांनी बंद केले तशा काकू ताठरल्या. कान बंद म्हणजे पाणी आलं तर ऐकू येणार नाही. मग कान उघडे ठेवून नुसता गुंजारव. तो त्यांना आवडला. पुढे घरी पोळ्या लाटताना त्या तो करू लागल्या, काकांनी सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

मोज्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते. पाय जमिनीवर टेकवून दाब जाणवायचा, हा या पद्धतीतला गाभ्याचा भाग. काकूंचे पाय मोज्यांत. मोजे काढायला कुणी सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. शिक्षिकेने एक जुनी लोकरी आसनपट्टी पायांखाली घातली. काही आठवडे तसेच गेले. जानेवारीच्या शेवटी एक दिवस काकूंनी हालचाली मध्येच थांबवल्या, वाकून उजव्या पायाचा मोजा काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. टाच लोकरीवर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग अंगठा पट्टीच्या बाहेर काढून फरशीला लावला आणि तसाच ठेवला. कुणी शाबासकी दिली नाही. शिक्षिकेने विचारलं, "पुढे जाऊ या की इथेच थांबू या?" काकू म्हणाल्या, "थांब जरा." त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही. डावा मोजा पुढच्या महिन्यात निघाला.

काय केलं: प्रार्थना

समुपदेशकाने कुणाला प्रार्थना करा असं सांगू नये, या मताची मी आहे. विषय काकूंनीच काढला. "रामरक्षा नाही म्हटली तर चालेल का हो?" हा प्रश्न मला विचारलेला असला तरी उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता. घरच्या गुरुजींना बोलवायचं का, विचारलं. त्या हो म्हणाल्या. धोका होता, कारण नात्यातल्या एकांनी "पाण्यातलं मरण, शांत करून घ्या" असं सांगून आधीच काकूंच्या जिवाला घोर लावला होता. गुरुजींना आधी फोन करून सगळी परिस्थिती सांगितली. ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आजींच्या कानावर ती रात्रभर पडली. तुमच्या वाटणीची म्हणून झाली, वहिनी. आता राहू द्या." आम्ही महिनाभर बोलून जे साधलं नसतं ते या तीन वाक्यांनी साधलं.

मग रामरक्षेच्या जागी काय? आमच्या केंद्रातल्या एक ख्रिस्ती नर्सबाई रोज मौन प्रार्थना करतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्पेन्सर इथल्या मठात थॉमस कीटिंग, बेसिल पेनिंग्टन आणि विल्यम मेनिंजर या साधूंनी जुन्या ख्रिस्ती ध्यानपरंपरेतून ती साध्या रूपात मांडली. एक छोटा शब्द निवडायचा, शांत बसायचं, मन भरकटलं की भांडण न करता त्या शब्दाकडे परत यायचं. त्यांचा प्रघात वीस मिनिटांचा, दिवसातून दोनदा. नर्सबाईंनी काकूंना ते सांगितलं तेव्हा काकू हसल्या. "हे तर नामच झालं की." हरिपाठाच्या घरातून आलेल्या बाईला यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते थोडक्यात थांबणं.

तुळशीची माळ, एकच नाम, मनातल्या मनात, डोळे उघडे आणि नजर निरांजनाच्या ज्योतीवर. सुरुवात दोन-तीन मिनिटांनी. वेळ सकाळची, कारण तिन्हीसांज ही पाणी चढायला लागल्याची वेळ होती. मन त्या रात्रीकडे गेलं तर बोटातला मणी दाबायचा, त्याची खरखर जाणवून घ्यायची. तरी जमेना तर माळ खाली ठेवायची आणि उठायचं. अर्धवट सोडलेला जप हा अपराध नाही, हेही गुरुजींकडूनच वदवून घेतलं होतं.

फेब्रुवारीत गाडी रुळावरून घसरली. नणंदबाईंनी वर्षश्राद्धाच्या आत लाख जपाचा संकल्प सुचवला आणि काकूंनी तो घेतला. आम्हाला न सांगता बैठक पाऊण तासावर गेली. आधी चार दिवस छान वाटलं, मग टेबल, अंधार, सासूबाईंचा थंड पडत गेलेला तळवा, सगळं दिवसाढवळ्या समोर. झोप पुन्हा उडाली. मौनात जुनं, दाबलेलं वर येतं हे कीटिंग यांनीही सांगितलेलं आहे आणि आपल्या साधकांनाही ठाऊक आहे. प्रश्न असतो, वर आलेलं झेलायला कुणी शेजारी आहे का.

इथे दोन मतं झाली. शिक्षिकेचं म्हणणं, प्रार्थना काही काळ पूर्ण बंद करावी. डॉक्टरांचं म्हणणं, बंद केली तर रामरक्षेसारखंच आणखी एक दार भीतीने लागेल. ती पाच मिनिटांवर आणावी, आणि जे वर आलं आहे ते आता बोलायची वेळ झाली आहे का, हे काकूंना विचारावं. दुसरं मत मानलं. संकल्प नणंद आणि भावजय दोघींनी वाटून घेतला, मोठा वाटा नणंदबाईंनी उचलला. या तोडग्याने त्यांचा रागही गेला. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलते. पण मराठीत, आणि सगळं एकदम नाही."

मानसोपचार आणि पावसाळा

एप्रिलपासून मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे आघातावर केंद्रित सत्रं सुरू झाली. प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर पाय टेकवणं, लांब श्वास सोडणं आणि गुंजारव. मधलं काम काय झालं ते इथे मांडणार नाही, ते काकूंचं आहे. एवढं सांगता येईल की गाठ पाण्यापेक्षा पायरीवर होती: आपण रुग्णवाहिका बोलावली नाही. त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं, हे वेगळं करायला बरीच सत्रं गेली. शेजारचा मुलगाही एका सत्राला आला. त्याच्याही मनात होतं की आजींना जिन्यावरून नेता आलं असतं. एका भिंतीपलीकडे राहून दोघं तेव्हापासून एकमेकांची नजर चुकवत होते.

पावसाळ्यासाठी मे महिन्यातच योजना लिहून काढली. नदी २० फुटांवर गेली की वाट न पाहता दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर चुलत दिरांकडे जायचं. मध्यरात्री घाबरायला झालं तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन. ही सरकारी सेवा २०२२ पासून चोवीस तास चालते. पुलावरून जाण्याचा सराव त्याआधी कोरड्या दिवसांत, रिक्षातून, काकांबरोबर.

श्रावण वद्यात वर्षश्राद्ध आलं. कुटुंबाची रीत चाणोदला जाऊन नर्मदेवर विधी करण्याची. भर पावसाळ्यात नदीचा घाट. काकूंनी जावं की नाही यावर घरात खूप चर्चा झाली. आम्ही निर्णय दिला नाही, फक्त जाऊन परत फिरण्याची मुभा आधी ठरवून घ्या म्हटलं. काकू गेल्या. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसल्या, पायात चपला. पाण्यापाशी काका आणि मुलगा उतरले. पिंडदान चालू असताना काकू मध्येच उठून गाडीत जाऊन बसल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या.

परिणाम

वर्षभराने मोजणीच्या प्रश्नावलीवर काकू निदानाच्या रेषेखाली आल्या. झोप सुधारली आहे, पण पाऊस जोरात असला की अजून तुटते. नळाखाली अंघोळ करतात. घरात अनवाणी फिरतात, स्वयंपाकघरात मात्र चपला घालतात आणि ते कायम राहील असं दिसतं. जेवणाचं टेबल विकलेलं नाही, त्यावर काका इस्त्री करतात. रामरक्षा त्या म्हणत नाहीत. नातीने म्हटली तर त्याच खोलीत बसून ऐकतात. शवासन अजूनही नाही आणि ते आणायचा बेतही नाही.

कशाने किती फरक पडला, हे या एका प्रकरणावरून सांगता येत नाही. औषध, मानसोपचार, गेलेला काळ, गुरुजींचं बोलणं, सगळं एकाच वर्षात घडलं. योग आणि नाम यांनी बोलण्यापर्यंत पोहोचायला मदत केली, एवढं मी खात्रीने म्हणेन, कारण एप्रिलच्या पहिल्या सत्रात काकू थरथरल्या तेव्हा त्यांनी आपणहून पाय टेकवले आणि सत्र सोडून गेल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

नणंदबाईंना डिसेंबरातच बैठकीत घ्यायला हवं होतं. शिबिराला नकार देऊन त्यांना बाजूला ठेवलं गेलं आणि लाख जपाचा संकल्प त्या बाजूने आला. घरात प्रार्थनेबाबत ज्यांचा शब्द चालतो त्या माणसाला योजनेबाहेर ठेवून प्रार्थनेची योजना टिकत नाही.

मौनाची वरची मर्यादा लेखी द्यायला हवी होती. गोळीचा डोस आपण लिहून देतो, बैठकीची मिनिटं मात्र तोंडी सांगितली गेली.

योगवर्ग चालवणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पूर येऊन गेलेल्या गावात नव्या माणसाला पहिल्या दिवशी खासगीत विचारावं: अंधार, आडवं होणं, डोळे मिटणं, कुणी हात लावणं, यांपैकी काही नको आहे का? कारण विचारू नये. आणि शिथिलीकरणाच्या सूचनांतून पाणी काही वर्षं तरी काढून टाकावं.

काकांसाठी आम्ही फार उशिरा काही केलं. ते पुण्यात होते, पाणी पायरीपर्यंतच येईल असं फोनवर त्यांनीही म्हटलं होतं, आणि आई त्यांची गेली होती. वर्षभर ते बादल्या भरत राहिले आणि प्रत्येक भेटीला बाहेरच्या बाकावर बसून राहिले. चाणोदहून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी वेळ मागितली. ती सत्रं आता सुरू आहेत. काकू महिन्यातून एकदा येतात, आणि सर्ट्रालिन उतरवायला घ्यायची की आणखी एक पावसाळा जाऊ द्यायचा, यावर डॉक्टरांचं आणि त्यांचं बोलणं चालू आहे.